पिग्मीवाला दारात येतो तेव्हा

प्रश्न : मी वाईचा, वय 61. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो. आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, अंदाजे 140 कागद. गेले तीन गुढीपाडवे मी एकच संकल्प सोडतो आहे : वर्षभरात मोडी शिकायची आणि सगळे कागद देवनागरीत उतरवायचे. वर्गाला गेलो, बाराखडी गिरवली, सुहूर सनासाठी (जुन्या कागदांवरची कालगणना) अरबी आकडेही पाठ केले. दर वेळी वैशाखापर्यंत जोर टिकतो, मग वही कपाटात. बायको म्हणते, ‘मोडी शिकताय की मोडायला शिकताय?’ प्रेरणा टिकवण्यासाठी काय करावं?

उत्तर : वहिनींना माझा नमस्कार सांगा. हे सदर त्यांनी चालवायला हवं.

तुमचं मूळ पत्र चार पानी होतं, इथे मी कापून दिलं आहे. त्यात ‘प्रेरणा’ हा शब्द नऊ वेळा आलाय. त्या 140 कागदांत कोण कुणाला काय लिहितंय, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. पाडव्याला तुम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर संकल्प जाहीर केलात आणि दिवसभर अभिनंदनं आली, हेही लिहिलंय. म्हणजे गळ्यात हार आधीच पडला. मग कुस्ती कोण खेळतो?

मी 31 वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली 12 ठेवींच्या टेबलावर. दिवाळीनंतरच्या आठवड्यात रिकरिंग उघडायला रांग लागायची. पगार हातात, बोनस हातात, माणूस फॉर्मवर महिना 5,000 लिहायचा. संक्रांत गेली की तोच माणूस मान खाली घालून खातं मोडायला यायचा. 500 लिहिणारे बहुधा मुदतीपर्यंत पोचायचे. त्यांची प्रेरणा दहापट होती असं नाही. 5,000 हा आकडा दिवाळीतल्या माणसाने ठरवलेला असायचा आणि तो भरायचा मात्र शाळेच्या फीच्या महिन्यातल्या माणसाने.

त्याहून मी जास्त शिकले ते पिग्मीच्या खात्यांवरून. पिग्मी मूळची उडुपीची. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेने 1928 साली ती सुरू केली, रोज दारात जाऊन अगदी दोन आणेसुद्धा गोळा करायचे. आमचा एजंट रोज संध्याकाळी साडेपाचला मंडईत फिरायचा. एक भाजीवाली रोज 20 रुपये द्यायची. पावसाने माल पडून राहिला की दोनच द्यायची, पण द्यायची. एका पावसाळ्यात एजंटला कावीळ झाली आणि तो तीन आठवडे घरी होता. निम्म्याच्या वर खाती थांबली. मी मंडईत जाऊन विचारलं. धंदा बरा होता, बचत करायची इच्छा होती, आणि बँक गल्ल्यापासून 200 पावलांवर होती. भाजीवाली म्हणाली, “बाई, यायचं मनात होतं हो रोज.” ही तुमची प्रेरणा. मनात रोज होती, 200 पावलं चालली नाही.

तर आता तुमच्या रुमालाकडे येऊ. ‘मोडी शिकणे’ हे पाटीवर ‘महाराष्ट्र’ लिहिलेल्या एसटीत बसण्यासारखं आहे. उतरायचं कुठे? एक कागद निवडा. तुमच्या गावाचं आणि घराण्याचं नाव त्यात असणार अशी खात्री असलेला. जमिनीचं खत असेल तर उत्तम : ‘मौजे’ हा शब्द सापडला की त्याच्या पुढे गाव आहेच, आणि ते तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करत नाहीत, म्हणून नवख्याला अख्खी ओळ म्हणजे एक गुंतवळ वाटते. ओळखीचा एक शब्द सापडला की त्यातली अक्षरं पुढे चाव्यांसारखी वापरता येतात.

आणि ते अरबी आकडे. आजोबांचे कागद इंग्रजी अमदानीतले, त्यांच्यावर सरळ इंग्रजी तारखा आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. मग अशरीन, सलासीन पाठ करत कशाला बसलात? सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवून इसवी सन काढायचा ही गंमत पेशवाईतल्या कागदांसाठी. तयारी करत राहिलं की काम केल्यासारखं वाटतं आणि चूक होण्याची भीतीही नसते. मी हे अनुभवाने बोलतेय. निवृत्तीनंतर मीही मोडी धरली, तेव्हा आठ महिने बोरू, दौत आणि कागद जमवण्यात घालवले. शेवटी माहेरच्या फडताळातून एक चिठोरं आलं, ते वाचायला मला अकरा दिवस लागले. पणजोबांचं काही राजकारण हाती लागेल अशी आशा होती. निघालं काय, तर ‘हरभरे पायली दोन, परत देणे’. दिले की नाही कोण जाणे! पण त्या हरभऱ्यांनी मला दुसऱ्या कागदाकडे नेलं. आधी कोणी कितीही भाषणं दिली असती तरी मी गेले नसते.

रोज एक ओळ वाचा. एकच. 140 कागद, कागदाला सरासरी 20 ओळी धरल्या तर 2,800 ओळी, म्हणजे 7 वर्षं 8 महिने. दचकू नका. वर्षभराच्या संकल्पाने तीन वर्षांत शून्य कागद झालेत, त्या मानाने हा वेग बराच आहे. शिवाय शे-दोनशे ओळींनंतर हात बसतो आणि एका बैठकीत चार-पाच ओळी सहज होतात. पण झाल्या तर झाल्या. ठरलेली ओळ एकच, ताप असताना आणि घरात पाहुणे असतानाही होईल एवढी.

मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात, हे वर्गात शिकला आहात. त्याचा उपयोग करा. रात्री झोपताना वहीत उद्याची रेघ ओढून ठेवा, तारीख घाला. सकाळी रिकामी रेघ दिसली की हात आपोआप जातो.

दिवस चुकला तर? रिकरिंगचा हप्ता चुकला तर थोडा दंड भरून खातं चालू राहतं. लोक मात्र एक हप्ता चुकला की लाजेने बँकेकडेच फिरकत नाहीत आणि खातं त्या लाजेने मरतं. तुम्ही त्या तारखेची रेघ रिकामी सोडा आणि पुढे चला. दुसऱ्या दिवशी दोन ओळींची भरपाई अजिबात नको, चार दिवस साचले की पुन्हा 5,000 चा फॉर्म होतो.

राहिला पिग्मीवाला. तुमच्या वर्गात कोणीतरी सोबती असेलच. 2023 नंतर जुन्या मोडी कागदांतल्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडीच्या वर्गांना पुष्कळ तरुण येतात. त्यांतल्या एकाला सांगा, दर रविवारी सात ओळींचा फोटो आणि तुमचं वाचन पाठवीन, नाही आलं तर फोन कर. ग्रुपवर नको, एकाच माणसाला. आणि त्याने शाबासकी देऊ नये, फक्त चुका काढाव्यात. घरातल्या माणसाला हे काम देऊ नका, वहिनींना तर मुळीच नाही, त्याची भांडणं होतात.

जाता जाता : मूळ कागद रोज हाताळू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि त्यावर वाचा. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको.

प्रश्न : मी डोंबिवलीची, 34 वर्षांची, नोकरी करते. सतराव्या वर्षी गांधर्व महाविद्यालयाची गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाले. तेव्हापासून आई म्हणते, ‘विशारद करून टाक.’ दर जानेवारीत ठरवते, मार्चपर्यंत तंबोऱ्यावर धूळ. माझ्यात चिकाटीच नाही का?

उत्तर : लोकलमधून 17 वर्षं कॉलेज आणि नोकरी करणाऱ्या बाईला मी चिकाटी शिकवणार नाही. तुमच्या पत्रात आई आहे, प्रमाणपत्र आहे, एकही राग नाही. ‘करून टाक’ हे क्रियापद गॅसच्या नंबराला शोभतं. हे खातं आईने तुमच्या नावावर उघडलंय, ते बंद करा. मुदतीआधी मोडलं तरी मुद्दल परत मिळतं, व्याज तेवढं कमी. गळा तुमच्याकडेच राहणार आहे. सहा महिने परीक्षेचं नाव काढू नका, आणि त्या काळात भांडी घासताना आपोआप काय गुणगुणता ते मला कळवा.