घरातून पळून आलेल्या मुलांसाठी निवारा उभारताना आतली रचना कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की जुनी दुमजली इमारत मिळाली आहे, घर सोडून आलेल्या १३ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी तिथे निवारा करायचा आहे, वरच्या हॉलमध्ये ३० खाटा बसतील, तर आतली मांडणी कशी करावी आणि भिंतींना कोणते रंग द्यावेत. मी इंटिरियरचं काम करते आणि अशा निवाऱ्यांची कामं केली आहेत. रंगांबद्दल शेवटी सांगते, कारण त्यांनी सगळ्यात कमी फरक पडतो.

घर सोडून निघालेल्या बऱ्याच मुलांचा आधीचा अनुभव असा असतो की त्यांच्या खोलीत कोण कधी शिरणार, दिवा कधी मालवणार, त्यांच्या वस्तूंना कोण हात लावणार, हे सगळं दुसरंच कुणीतरी ठरवत होतं. म्हणून नकाशावर काहीही मांडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे कुणाच्या हातात राहणार आहे? दिव्याचं बटण, दाराची कडी, कपाटाची किल्ली, खिडकीचा पडदा, खुर्चीची दिशा. यातल्या जेवढ्या गोष्टी त्या मुलाच्या हातात देता येतील तेवढ्या द्या. मुलं निवाऱ्यातूनही निघून जातात. कुलपं वाढवून ते थांबत नाही, उलट आत कोंडल्यासारखं वाटलं की लवकर जातात. शिवाय बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे, आग लागली तर दुसरा उपाय नसतो. रात्री कुणी बाहेर गेलं हे कळावं असं वाटत असेल तर दाराला सूचना देणारी घंटा लावा, कुलूप नको.

आता तो हॉल. ३० खाटा बसतात म्हणून ३० मांडू नका. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याखाली पळून आलेल्या मुलांसाठी जे तात्पुरते निवारे चालतात, त्यांची क्षमता साधारणपणे २० पर्यंतच ठेवलेली असते. तुमच्याकडे तसा नियम असो वा नसो, हॉल सहा-सात मुलांच्या गटांत तोडा. प्रत्येक खाटेला पाठीशी भिंत किंवा आडोसा हवा आणि पडल्या पडल्या खोलीचं दार दिसायला हवं. जे मूल झोपेत दचकून उठतं, त्याला आधी दाराकडे बघायचं असतं. दाराकडे पाठ करून कुणाला झोपवू नका आणि खोलीच्या मधोमध खाट टाकू नका.

दोन खाटांमधल्या आडोशाची उंची नीट ठरवावी लागते. मी १ ते १.१ मीटर घेते. आडवं पडलं की कुणाला दिसत नाही, उठून बसलं की खोली दिसते, आणि रात्री फेरी मारणाऱ्या ताईला कुणाच्या अंगावर न वाकता सगळे जागच्या जागी आहेत हे कळतं. छतापर्यंतच्या खोक्यासारखे कप्पे सुरुवातीला छान वाटतात, पण मोठी मुलं लहानांना त्रास देत असतील तर ते तिथेच घडतं आणि कुणाला दिसत नाही. दुमजली खाटा शक्यतो टाळा. जागेअभावी घ्याव्याच लागल्या तर खालच्या खाटेला पडदा द्या, आणि वर की खाली हे मुलांना निवडू द्या. लहानपणी रात्री कुणीतरी अंथरुणाशी आलं होतं अशा मुलीला डोक्यावरच्या खाटेतली हालचाल सहन होत नाही. तिने ते कारण सांगावं अशी अपेक्षाच ठेवू नये.

प्रत्येक खाटेपाशी स्वतःचा दिवा, स्वतःचं बटण, एक चार्जिंग पॉइंट आणि एक फळी. फोन चार्ज करायला ऑफिसात द्यावा लागला की मूल रात्रभर अस्वस्थ राहतं, कारण त्याची सगळी ओळखीची माणसं त्या फोनमध्येच असतात. खाटेखाली कुलपाचा खण द्या आणि तो पाठीवरची भरलेली बॅग जशीच्या तशी आत जाईल एवढा मोठा करा. बाजारात मिळणारे लॉकर बहुतेक वेळा त्यासाठी अरुंद पडतात, सुताराकडून करून घ्यावे लागतात. बॅग म्हणजे त्या मुलाचं उरलेलं घर. दुसरी किल्ली कार्यकर्त्यांकडे असावीच लागते, पण खण फक्त त्या मुलासमोर उघडला जाईल हा नियम खणाच्या दारावर लिहून ठेवा.

ढेकणांचा प्रश्न येणारच, कारण कपडे कुठून कुठून आलेले असतात. दारात आल्या आल्या कपडे काढून घेणं फार अपमानाचं असतं. त्याऐवजी न्हाणीघराला लागून धुण्याची खोली करा, तिथे गरम हवेचा ड्रायर ठेवा आणि कपडे मुलालाच त्यात टाकू द्या. ५० अंश सेल्सिअसच्या वर पुरेसा वेळ ठेवलं की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. खाटांना पोकळ नळ्या आणि भेगा जितक्या कमी तितकं बरं.

प्रवेशाची जागा. मूल कोणत्याही वेळी येतं, भिजलेलं, उपाशी, कित्येकदा दोन-तीन रात्री न झोपलेलं. काचेमागे बसलेला माणूस आणि पुढे अर्ज, हे दृश्य त्याने पोलीस चौकीत किंवा इस्पितळात पाहिलेलं असतं. उंच काउंटर काढून टाका. साधं टेबल ठेवा, शेजारी शेजारी बसता येईल असं. न्हाणीघर, काहीतरी खायला मिळेल अशी जागा आणि एक पडण्यापुरती छोटी खोली ही तिन्ही दारापासून काही पावलांवर हवीत, म्हणजे अंघोळ, खाणं आणि झोप आधी होईल, कागद नंतर. थांबण्याच्या जागेत निदान दोन खुर्च्या अशा ठेवा की पाठीला भिंत आणि समोर दार असेल. बहुतेक मुलं त्याच दोन खुर्च्या पकडतात.

हा कक्ष रस्त्यावरून दिसू नये. कुणी ना कुणी त्या मुलाला शोधत असतं, आणि शोधणारा प्रत्येक माणूस भल्यासाठी शोधत नसतो. रस्त्याकडच्या खिडक्यांना खालच्या अर्ध्या भागात दुधी काच लावा म्हणजे आकाश दिसतं, चेहरे दिसत नाहीत. मोठी पाटी नको.

आवाजाकडे बहुतेक लोक लक्षच देत नाहीत, आणि माझ्या मते अशा इमारतीत सगळ्यात जास्त पैसे तिथेच घालावेत. मारझोड होणाऱ्या घरातलं मूल पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायला शिकलेलं असतं. आपटणारं दार, किल्ल्यांचा जुडगा, लोखंडी लॉकरचा खणखणाट, जिन्यात घुमणारा पुरुषी आवाज, यातल्या प्रत्येकाने त्याचं अंग ताठ होतं. प्रत्येक दाराला हळू बंद होणारा क्लोजर लावा आणि चौकटीला रबरी पट्टी. बिजागऱ्यांना वेळोवेळी तेल. लोखंडी कपाटांऐवजी लाकडी, नाहीतर दारांच्या आतल्या कडांना नमदा चिकटवा. बोळात टाइल असेल तर वर जाड व्हिनाइल टाका, पाऊल वाजत नाही. हॉलच्या छताला आवाज शोषणारे फलक लावले म्हणून मुलांचा गोंगाट कुजबुजीएवढा होत नाही, पण माणसाला आपला आवाज न चढवता बोलता येतं, आणि तेवढ्याने भांडणं कमी होतात.

समुपदेशनाच्या खोलीत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो: आतलं बाहेर ऐकू जाता कामा नये. फॉल्स सीलिंग असलेल्या इमारतीत भिंत पुष्कळदा त्या सीलिंगपर्यंतच नेऊन थांबवलेली असते, मग बोलणं वरून शेजारच्या खोलीत उतरतं. भिंत मूळ स्लॅबपर्यंत न्यायला सांगा, आतल्या पोकळीत रॉकवूल (आवाज अडवणारा, खनिज धाग्यांचा लोकरीसारखा थर) भरा, दार भरीव घ्या आणि दाराखालची फट बंद करा. ती फट राहिली तर बाकीचा खर्च वाया जातो. खोलीत मुलाची खुर्ची दाराच्या जवळ असावी, समुपदेशकाची नव्हे. दोन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या, काटकोनात, मध्ये टेबल नको. एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती नसली की मुलं बोलतात. खिडकीतून झाड दिसत असेल तर तीच खोली यासाठी निवडा. रॉजर उलरिच या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी सोडलं गेलं आणि तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आपली मुलं शस्त्रक्रियेची रुग्ण नाहीत हे खरं, तरी हिरवं काही दिसण्याची संधी मी वाया घालवत नाही.

दिवे २७०० केल्विनच्या आसपासचे, पिवळसर घ्या, निदान संध्याकाळनंतर वापरायचे तरी. छतातला एकच लख्ख पांढरा दिवा सगळ्यांसाठी एका बटणावर, हे कोठडीचं लक्षण आहे. बोळात आणि न्हाणीघराच्या वाटेवर घोट्याच्या उंचीवर मंद दिवे रात्रभर चालू ठेवा. हालचाल दिसली की भपकन पेटणारे सेन्सरचे दिवे निजायच्या भागात अजिबात लावू नका. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ तसंही उशिरा झोपण्याकडे सरकतं, त्यात रस्त्यावर राहिलेल्या मुलांना रात्री जागं राहून दिवसा झोपायची सवय लागलेली असते, कारण रात्र धोक्याची असते. दिवसा अंधार करता येईल अशी एक छोटी खोली त्यांच्यासाठी राखा.

न्हाणीघरं आणि संडास रांगेत, वर-खाली उघड्या फळ्यांचे करू नका. एकेक स्वतंत्र खोली, जमिनीपासून छतापर्यंत भिंत, आतून कडी, आतच वॉश बेसिन. घरच्यांनी न स्वीकारल्यामुळे बाहेर पडलेल्या समलिंगी आणि ट्रान्स मुलांचं प्रमाण अशा निवाऱ्यांत समाजातल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा बरंच जास्त आढळतं. स्वतंत्र खोल्या केल्या की कोणी कुठे जायचं हा वादच उरत नाही, आणि बाकी सगळ्यांनाही तेच हवं असतं. कडी अशी घ्या की अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येईल, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा, कारण आत कुणी बेशुद्ध पडलं तर आत उघडणारं दार अडकतं. स्वतःला इजा करण्याचा धोका काही मुलांच्या बाबतीत खरा असतो. मानसोपचार वॉर्डांसाठी वजन पडताच निसटणारे हुक आणि न फुटणारे आरसे मिळतात, ते वापरा. ते दिसायला साधेच असतात, त्यामुळे जागेला तुरुंगाची कळा येत नाही.

कॅमेरे प्रवेशद्वार, जिना आणि बोळ एवढ्याच ठिकाणी, आणि कुठे आहेत हे फलकावर उघडपणे लिहिलेलं. बाकीची देखरेख मांडणीतून होऊ द्या: कार्यकर्त्याचं टेबल जिन्याच्या तोंडाशी ठेवलं की त्याला उठून पाळत ठेवावी लागत नाही.

बैठकीच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावून रांगेत ठेवायची सवय मोडा. १९५० च्या दशकात रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने कॅनडातल्या एका वृद्धांच्या वॉर्डात खुर्च्या भिंतीपासून काढून लहान टेबलांभोवती मांडल्या, तेव्हा लोकांमधलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. पण सगळी जागा गप्पांची करू नका. काठावर एकट्याने बसून दुसऱ्यांना बघता येईल अशा जागा हव्यात, खिडकीतली बैठक, एकाच माणसाचा सोफा. फर्निचर जमिनीला बोल्टने जखडू नका. उचलून फेकता येणार नाही पण सरकवता येईल एवढं जड घ्या, खोळी काढून धुता येतील असं. स्वयंपाकघर उघडं ठेवा आणि एक कपाट असं, ज्यातून कोणत्याही वेळी न विचारता खायला घेता येईल. उपाशी राहिलेली मुलं अन्न उशीखाली लपवतात, कपाट रोज भरलेलं दिसलं की हळूहळू ते थांबतं.

आता रंग. १९७९ मध्ये अलेक्झांडर शॉस यांच्या प्रयोगांवरून अमेरिकेतल्या नौदलाच्या एका सुधारगृहात कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली गेली आणि त्या रंगाने कैदी शांत होतात असा बोलबाला झाला. अनेक तुरुंगांनी तो रंग फासला. पुढे काटेकोर चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. म्हणून कुणी अमुक निळ्याने मन शांत होतं असं सांगितलं तर त्यावर पैसे घालवू नका. भिंती फिक्या, न चमकणाऱ्या आणि पुसता येणाऱ्या असू द्या. प्रत्येक खाटेमागचा एक फलक मुलाने चार-पाच रंगांतून निवडावा, तो बदलता येईल असा करा. कार्टून नकोत, सोळा वर्षांच्या मुलीला ते आपल्याला लहान समजल्यासारखं वाटतं. धीर देणारी वाक्यंही भिंतीवर नकोत. रंगाचा एक डबा आणि बिजागऱ्यांची एक पिशवी मात्र कायम शिल्लक ठेवा. फुटलेली काच किंवा लाथेने पडलेला खड्डा दोन दिवसांत दुरुस्त झाला पाहिजे, एकूण खर्चातली काही रक्कम त्यासाठी आजच बाजूला काढा.

आणि नकाशा पक्का करण्याआधी तो अशा निवाऱ्यात राहून गेलेल्या दोघा-तिघांना दाखवा, त्यांच्या वेळेचे रीतसर पैसे देऊन. तोंडी विचारण्यापेक्षा जमिनीवर खडूने खाटा आणि दारं आखून त्यांना प्रत्यक्ष आडवं पडायला सांगा. एका मुलीने तसं पडल्या पडल्या मला सांगितलं होतं की बोळातला दिवा थेट डोळ्यांवर येतोय आणि तिथून येणाऱ्या माणसाची फक्त सावली दिसते. आम्ही तो दिवा विरुद्ध भिंतीला नेला. तुमचा मोजमापांसकट नकाशा इथे टाकलात तर खाटांची मांडणी मी बघून देईन.