पाणी पातळीच्या ओळीतून रेगेक्सने नेमका हवा तोच आकडा कसा काढावा?

पंचगंगेच्या पातळीची रोजची निवेदने साठवून त्यांतून राजाराम बंधाऱ्याचा आकडा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने वेगळा काढण्याचा आपला प्रयत्न आहे, पण उत्तर कधी ३ येते तर कधी ०, असे आपण विचारले आहे. आपण दिलेली ओळ आणि पॅटर्न (म्हणजे रेगेक्स, मजकुरात काय शोधायचे याचा चिन्हांत लिहिलेला नमुना) असे:

राजाराम बंधारा (सकाळी ८ वा.) पाणी पातळी ४० फूट ५ इंच, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट

राजाराम.*([०-९]+) *फूट

दोष सुरुवातीच्या टिंब आणि तारकेच्या जोडीत आहे; तिचा अर्थ ‘कोणतीही अक्षरे, कितीही’ असा होतो. ही जोडी हावरी असते. ती आधी ओळीच्या शेवटापर्यंत सगळे गिळते आणि मग उरलेला पॅटर्न जुळावा म्हणून एकेक अक्षर परत देत मागे सरकते. मागे येताना तिला प्रथम धोका पातळीचे ‘फूट’ भेटते आणि त्याआधीचा एक अंक सोडला की अधिक चिन्हाची अट पुरी होते, त्यामुळे ४३ मधला ४ तिच्याकडेच राहून आपल्या हाती फक्त ३ लागतो. ज्या दिवशी निवेदनात इशारा व धोका पातळी लिहिलेली नसते, त्या दिवशी हाच प्रकार ४० च्या बाबतीत घडतो आणि ० मिळतो.

यावर तारकेपुढे प्रश्नचिन्ह देऊन ती जोडी संयमी, म्हणजे कमीत कमी अक्षरे घेणारी, करावी, असा सल्ला आपल्याला बहुतेक ठिकाणी मिळेल, आणि वरच्या ओळीपुरते ४० हे उत्तर बरोबरही येईल. मी मात्र तेवढ्यावर थांबणार नाही. एखाद्या सकाळी ‘पाणी पातळी – नोंद उपलब्ध नाही, इशारा पातळी ३९ फूट’ अशी ओळ आली, तर संयमी पॅटर्न निमूटपणे ३९ काढून देईल. राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी असते. तोच ३९ आपल्या तक्त्यात त्या दिवसाची पातळी म्हणून बसला, तर पाहणाऱ्याला संशयही येणार नाही. ० किंवा ३ निदान डोळ्यांत तरी खुपतात.

म्हणून आकड्याच्या आधी काय येऊ शकते, हे पॅटर्नमध्ये नेमके बांधून द्यावे. आधी मजकुराच्या ओळी वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येक ओळीवर पुढील पॅटर्न चालवावा:

राजाराम.*?पाणी *पातळी[ :–-]*([०-९0-9]+) *(?:फूट|फुट)(?: *([०-९0-9]+) *इंच)?

‘पाणी पातळी’ आणि आकडा यांच्या मध्ये येथे फक्त मोकळी जागा, विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम आणि आडव्या रेघा यांनाच वाव आहे, त्यामुळे नोंद नसलेली ओळ जुळतच नाही, आणि तेच आपल्याला हवे आहे. ‘सकाळी ८’ मधला ८ आपोआप बाजूला पडतो. इंचांचा गट ऐच्छिक आहे. तो नसेल तेव्हा पायथन त्या जागी ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) देते, त्याचे शून्य करून घ्यावे.

अंकांबद्दल थोडे. पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश-डी (\d, ‘कोणताही अंक’ याची खूण) देवनागरी अंकही ओळखतो आणि ‘इंट’ हे फंक्शन ४० चा पूर्णांक सरळ करून देते. जावास्क्रिप्टमध्ये या दोन्ही गोष्टी होत नाहीत, म्हणून मी दोन्ही लिप्यांचे अंक चौकटी कंसात उघड लिहिले आहेत. बॅकस्लॅश-डब्ल्यूवर (\w, ‘शब्दातले कोणतेही अक्षर’ याची खूण) मात्र मराठीसाठी विसंबू नये. पायथनचे रेगेक्ससाठीचे अंगभूत ‘आरई’ (re) मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दातले अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘पातळी’ हा शब्द मध्येच तुटतो. शब्दसीमेची खूणही त्याच कारणाने भलतीकडे पडते. शिवाय ‘बंधाऱ्या’मधला ऱ्या दोन-तीन प्रकारे टंकलेला आढळतो. त्यातला नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) लावलेला प्रकार युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित, जोडलेल्या रूपात आणल्यावर सुधारतो, जोडाक्षरासाठी अदृश्य चिन्ह वापरलेला सुधारत नाही. तेव्हा असा शब्द पॅटर्नमध्ये न घेतलेला बरा.

आपली काही निवेदने पीडीएफमधून आलेली आहेत, असे आपण म्हणता. ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर पडद्यावर मराठी दिसले तरी आत रोमन लिपीचे संकेत असतात आणि तेथे कोणताच मराठी पॅटर्न चालणार नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल.

पातळी साठवताना ती इंचांत साठवा. ४० फूट ५ इंच म्हणजे ४८५ इंच. काही बातम्यांत हेच ‘४०.५ फूट’ असे छापले जाते, आणि ते दशांश म्हणून वाचले तर ४० फूट ६ इंच होतात. कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे रेगेक्स सांगू शकत नाही, म्हणून वरचा पॅटर्न अशी ओळ मुद्दामच नाकारतो. ज्या ओळीत ‘राजाराम’ आहे पण पॅटर्न जुळला नाही, अशा सगळ्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि त्या स्वतः वाचून मगच आकडे भरा.