ए. बी. येहोशुआ कुठून वाचायला घ्यावेत, आणि 'मिस्टर मानी' अर्धवट का सुटते

तुमचे प्रश्न दोन आहेत. 'मिस्टर मानी' वाचायला घेतली, पण पहिल्याच संभाषणात समोरच्या माणसाचं बोलणं छापलेलंच नाही, म्हणून गोंधळ उडाला आणि पुस्तक बाजूला पडलं. शिवाय येहोशुआंची ओळख सगळीकडे 'हिब्रू कादंबरीकार आणि नाटककार' अशी असते, तरी त्यांच्या नाटकांबद्दल कुणीच का बोलत नाही? माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. त्यांच्यातल्या नाटककाराचं सगळ्यात चांगलं काम रंगमंचावर नाही, कादंबऱ्यांत झालं आहे.

तुम्ही 'मानी'त अडकला आहात, म्हणून तिथूनच सुरू करतो. ही कादंबरी १९९० ची. पाच संभाषणं, आणि काळ उलटा जातो: १९८२, १९४४, १९१८, १८९९, १८४८. पहिल्यात इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या किबुत्झमध्ये (सामूहिक शेती-वसाहतीत) हागार नावाची तरुणी आईशी बोलते. दुसऱ्यात क्रीटवरचा जर्मन सैनिक एगॉन त्याला भेटायला आलेल्या आजीशी. तिसऱ्यात जेरुसलेममध्ये ब्रिटिश सैन्यातला ज्यू वकील आपल्या कर्नलशी, चौथ्यात पूर्व युरोपातल्या गॅलिशियातला एक डॉक्टर वडिलांशी आणि पाचव्यात अथेन्समध्ये अव्राहाम मानी आपल्या वृद्ध गुरूंशी. म्हणजे पहिली चार संभाषणं मानी घराण्याबाहेरच्या माणसांची आहेत. मानी मंडळी त्यांच्या बोलण्यातून दिसतात, स्वतः बोलत नाहीत. थेट मानीचा आवाज ऐकायला शेवटच्या संभाषणापर्यंत थांबावं लागतं.

छापलेलं असतं ते एकाच बाजूचं. शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं तसं. धाटणी कळावी म्हणून मी रचलेला नमुना देतो, पुस्तकातला नव्हे: "नाही... ताप नाही, आई... कोण म्हणालं तुला?... बरं, पण आधी ऐक." आईच्या तोंडचा एकही शब्द इथे नाही, तरी ती काळजीत आहे, कुणाकडून तरी काहीतरी ऐकून आली आहे आणि मुलीला मध्येच तोडते आहे, एवढं कळतंच. पहिली दहा-पंधरा पानं मोठ्याने वाचा आणि प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबून समोरच्याचं वाक्य मनात म्हणा. नट तालमीत नेमकं हेच करतो. पानं भराभर उलटत गेलात तर ते बोलणं पाल्हाळिक स्वगत वाटायला लागतं, आणि बहुतेकांचं पुस्तक तिथेच सुटतं.

दुसरी अडचण नावांची. योसेफ, एफ्राइम, अव्राहाम, मोशे, गाव्रिएल ही नावं पिढ्यान् पिढ्या फिरून येतात. प्रत्येक संभाषणाआधी बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची थोडक्यात माहिती आहे, संपल्यावर त्यांचं पुढे काय झालं तेही आहे. कोरडी वाटतात म्हणून ही पानं गाळू नका. अर्धा वंशवृक्ष त्यांतच आहे. एका कागदावर खालून वर पिढ्या मांडत जा: १९८२ चं नाव सगळ्यात खाली आणि प्रत्येक संभाषणानंतर एक मजला वर. काहीजण शेवटचं संभाषण आधी वाचून कालक्रम सरळ करून घ्या असं सुचवतात. ते करू नका. घराण्यात पुन्हा पुन्हा डोकावणाऱ्या मरणाच्या ओढीचं मूळ १८४८ मध्ये आहे, आणि ते शेवटी कळावं म्हणूनच पुस्तक उलटं रचलं आहे.

त्या शेवटच्या संभाषणात एक असामान्य गोष्ट होते. समोरचे गुरू रब्बी (ज्यू धर्मगुरू) हद्दाया यांची पक्षाघाताने वाचा गेली आहे. आधीच्या चार संभाषणांत ऐकणाऱ्याचा आवाज लेखकाने काढून घेतला होता. इथे तो आयुष्यानेच काढून घेतला आहे. अव्राहाम जे कबूल करतो त्यावर निवाडा मागतो, आणि निवाडा देणाऱ्याला बोलताच येत नाही. रंगभूमीची जाण असलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

तिसरं संभाषण, १९१८ चं, सावकाश वाचा. ब्रिटिशांनी जेरुसलेम घेतलं आहे, उत्तरेला अजून तुर्क आहेत. योसेफ मानी तुर्कांना माहिती पोचवतो आणि मोबदल्यात पैसे मागत नाही. गावकऱ्यांना गोळा करा आणि मला बोलू द्या, एवढंच मागतो. मग अरब खेड्यांत उभा राहून बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं १९१७ चं ब्रिटिश पत्र) वाचून दाखवतो आणि सांगतो की वेळ आहे तोवर स्वतःची ओळख घडवा. येहोशुआंचं पुढचं सगळं राजकीय चिंतन या प्रसंगात बीजरूपाने आहे असं मी मानतो.

आता चरित्र, कामापुरतं. जन्म ९ डिसेंबर १९३६, जेरुसलेम. नाव अव्राहाम. 'बी' आला तो 'बुली' या टोपणनावावरून. वडिलांकडून घर कित्येक पिढ्या जेरुसलेममध्ये राहिलेलं, स्फार्दी, म्हणजे मूळ स्पेनमधून आलेल्या ज्यूंच्या परंपरेतलं. आई मोरोक्कोहून आलेली. वडील याकोव येहोशुआ प्राच्यविद्येचे अभ्यासक होते, जुन्या जेरुसलेममधल्या स्फार्दी जीवनावर त्यांनी पुस्तकं लिहिली. मुलगा मात्र बराच काळ त्या विषयापासून लांब राहिला. छत्रीधारी सैनिक म्हणून लष्करी सेवा, मग हिब्रू विद्यापीठात साहित्य आणि तत्त्वज्ञान. १९६३ ते ६७ पॅरिसमध्ये जागतिक ज्यू विद्यार्थी संघटनेचं काम केलं आणि १९७२ पासून हैफा विद्यापीठात शिकवलं. पत्नी रिव्का, म्हणजे 'इका', मनोविश्लेषक होत्या. ऐकणारा गप्प आणि बोलणारा आपोआप उलगडत जातो, ही रचना त्यांच्या घरातही रोजच्या ओळखीची होती, हे वाचताना लक्षात असू द्या.

सुरुवातीच्या कथा (पहिला संग्रह १९६२ चा) काफ्का आणि हिब्रू कथाकार अग्नोन यांच्या छायेतल्या, गावाचं-माणसाचं नाव नसलेल्या. त्यांतून बाहेर पडताना 'फेसिंग द फॉरेस्ट्स' ही दीर्घकथा आली. क्रुसेड्सवर (मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयुद्धांवर) अभ्यास करायला एकांत हवा म्हणून एक विद्यार्थी जंगलाचा पहारेकरी होतो. तिथे जीभ कापलेला एक अरब आणि त्याची मुलगी राहतात. लावलेल्या झाडांखाली त्याच अरबाचं गाव गाडलं गेलं आहे, आणि शेवटी जंगल पेटल्यावर त्या गावाचे अवशेष दिसू लागतात. न बोलणारं पात्र कथेचा सगळा भार उचलतं, ते इथेच पहिल्यांदा.

नाटकं: 'मे महिन्यातली रात्र' (१९६९) इस्रायल आणि अरब देशांतल्या सहा दिवसांच्या युद्धाच्या उंबरठ्यावर, मे १९६७ मध्ये, जेरुसलेममधल्या एका कुटुंबात घडतं. 'अखेरचे उपचार' १९७३ चं, 'वस्तू' १९८६ चं. यांत बाहेरचं संकट आणि घरातली कुरबुर एकाच खोलीत कोंडण्याचा प्रयत्न आहे, पण रंगमंचावर सगळ्यांनाच बोलावं लागतं, आणि येहोशुआंची ताकद आहे एकाला गप्प बसवण्यात. म्हणून ती कादंबऱ्यांच्या पंक्तीला बसत नाहीत. अपवाद करावासा वाटतो २०१२ च्या नाटकाचा, ज्याचं शीर्षक बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या वचनातलं आहे: 'दोघे एकत्र चालतील काय?' १९३४ मध्ये लंडनला ज्यू राष्ट्रवादी चळवळीतले दोन नेते, कामगार पक्षाचे बेन-गुरियन आणि उजव्या गटाचे जाबोटिन्स्की, या कट्टर विरोधकांच्या गुप्त भेटी झाल्या, करार झाले, आणि पुढच्या वर्षी बेन-गुरियनच्याच कामगार संघटनेच्या सभासदांनी मतदानाने ते फेटाळले. दोन माणसं, एक खोली, आणि बाहेर दोघांचेही संतापलेले अनुयायी. हा विषय रंगमंचाचाच आहे. 'जर्नी टू द एंड ऑफ द मिलेनियम' या कादंबरीवर ऑपेराही झाला, २००५ मध्ये तेल अवीवला.

नाटकाचा खरा फायदा दिसतो तो पहिल्या कादंबरीत, 'द लव्हर' (१९७७) मध्ये. सहा माणसं आळीपाळीने बोलतात: हैफातला गॅरेजमालक आदाम, त्याची बायको आस्या, मुलगी दाफी, गॅरेजात काम करणारा अरब मुलगा नईम, नव्वदी ओलांडलेली वेदुचा आणि तिचा नातू गाब्रिएल. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात गाब्रिएल बेपत्ता होतो. तो आस्याचा प्रियकर, आणि तरीही त्याला शोधत फिरतो तिचा नवरा, रात्री-अपरात्री टोइंगचा ट्रक घेऊन, एका जुनाट मॉरिस गाडीचा माग काढत. नईमला ज्यू कवी बियालिकच्या हिब्रू कविता पाठ येतात. दाफीला आणि तिच्या आईवडिलांना त्याच्या भाषेतलं काही येत नाही. यावर लेखक एका शब्दाचं भाष्य करत नाही. म्हणूनच सुरुवात इथून करा असं मी सांगतो: आवाज वेगळे ओळखायला सोपे आहेत आणि गोष्ट ओढून नेते.

दुसरं 'अ वुमन इन जेरुसलेम' (२००४). बॉम्बस्फोटात मेलेल्या अनोळखी बाईजवळ फक्त एका बेकरीची पगाराची चिठ्ठी सापडते. ती कामावर येत नव्हती हे बेकरीत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि ते निस्तरायचं काम मनुष्यबळ अधिकाऱ्यावर येतं. पूर्ण कादंबरीत नाव आहे ते एकट्या त्या मृत बाईला, युलिया रागायेव. बाकी सगळे 'मालक', 'अधिकारी', 'पत्रकार'. आधी हे जाणवत नाही. जाणवलं की मागे जाऊन पुन्हा वाचावंसं वाटतं. जेरुसलेममधल्या माउंट स्कोपस टेकडीवर २००२ च्या उन्हाळ्यात स्फोटात गेलेल्या एका मैत्रिणीच्या स्मृतीला पुस्तक अर्पण आहे. यावर २०१० चा चित्रपटही आहे, 'द ह्यूमन रिसोर्सेस मॅनेजर', दिग्दर्शक एरान रिक्लिस.

मग 'मानी'. त्याआधी धीर हवा असेल तर 'फाइव्ह सीझन्स' (१९८७) घ्या: बायको कर्करोगाने गेलेल्या मोल्खोचं पुढचं एक वर्ष, शरद ते शरद. येहोशुआंचे वडील १९८२ मध्ये वारले. त्यानंतर येहोशुआ स्फार्दी माणसांकडे खऱ्या अर्थाने वळले, आणि 'मानी' त्याच वळणावरची आहे.

भारताबद्दल कुतूहल म्हणून 'ओपन हार्ट' (१९९४) आधी घेऊ नका. हिब्रू नावात भारत आहे आणि सुरुवातही आपल्या ओळखीच्या गावांत आहे: बोधगयेला काविळीने खिळलेली मुलगी, तिला न्यायला आलेले आईवडील आणि सोबत तरुण डॉक्टर रुबिन, वाराणसीत आईचं रक्त मुलीला देणं. पण हा पहिलाच भाग. पुढचा मोठा ऐवज तेल अवीवच्या इस्पितळातला आणि डॉक्टरला त्या मुलीच्या आईबद्दल वाटणाऱ्या अनावर ओढीचा आहे. भारतवर्णन शोधत जाणाऱ्यांची निराशा होते, आणि दोष पुस्तकाचा नसतो.

इंग्रजी प्रत घेताना अनुवादक पाहा. 'मानी' हिलेल हाल्किनची, 'द लव्हर' फिलिप सिम्प्सनची, 'ओपन हार्ट' दाल्या बिलूची, नंतरच्या बऱ्याचशा स्टुअर्ट शॉफमनच्या. नावं बदललेली असतात: हिब्रूतली 'मोल्खो' म्हणजे 'फाइव्ह सीझन्स', 'हेसेद स्फारादी' म्हणजे 'द रेट्रोस्पेक्टिव्ह', जिला २०१२ मध्ये फ्रान्सचा मेदिसी पुरस्कार मिळाला. नाव वेगळं म्हणून तेच पुस्तक दोनदा मागवू नका.

उतारवयातलं एकच वाचायचं तर 'द टनेल' (२०१८). निवृत्त रस्ते-अभियंता झ्वी लुरियाची स्मृती जाऊ लागते, आधी माणसांची पहिली नावं. गाडी सुरू करायचा आकडा विसरू नये म्हणून तो हातावर गोंदवून घेतो. नेगेव्हमधल्या रामोन विवरात लष्करासाठी रस्ता आखायचा आहे आणि वाटेतल्या टेकडीवर ओळखपत्र नसलेलं एक पॅलेस्टिनी कुटुंब राहतं. टेकडी कापायची की खालून बोगदा काढायचा, यावर कादंबरी चालते. दशकानुदशकं दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा (इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाइन) पुरस्कार केल्यावर त्याच सुमारास येहोशुआंनी तो सोडला आणि पॅलेस्टिनींना नागरिकत्व देण्याची बाजू घेतली. ते १४ जून २०२२ रोजी तेल अवीवला वारले. 'मानी'तल्या १९१८ च्या संभाषणानंतर लगेच 'द टनेल' वाचली तर हा वैचारिक प्रवास मुलाखती न वाचताही समजतो.