'शातो', 'दोमेन' आणि मालकी

प्रश्न : फ्रेंच वाइनच्या लेबलवरच्या 'शातो' आणि 'दोमेन' या शब्दांना मराठीत 'मालकीची द्राक्षबाग' म्हटलं तर चालेल का? शब्दकोशात 'शातो'चा अर्थ किल्ला किंवा वाडा असा दिला आहे.

उत्तर : 'मालकीची' हा शब्द टाळावा. लेबलवर हे शब्द छापण्यासाठी जमीन कोणाच्या नावावर आहे हे कायदा विचारतच नाही. युरोपीय संघाच्या नियमाच्या अटी दोन : सगळी द्राक्षं त्याच शेतीघटकाने कसलेल्या बागांतली हवीत, आणि वाइन तयार करण्याचं पूर्ण काम त्याच घटकात व्हायला हवं. शेजाऱ्याची द्राक्षं विकत घेऊन मिसळली की त्या वाइनवर हे नाव लावता येत नाही.

कसणारा मालकच असेल असं नाही. फ्रान्समध्ये जमीन खंडाने घेण्याला 'फेर्माज' म्हणतात. हा करार साधारणपणे किमान 9 वर्षांचा असतो. बटईला 'मेतेयाज' म्हणतात. तिथे खंडाऐवजी पिकाचा वाटा जातो, बहुधा अर्धा किंवा एकतृतीयांश. बरगंडी या फ्रान्सच्या वाइन-प्रदेशात हा वाटा द्राक्षांच्या रूपात मालकाकडे गेला की एकाच ओळीतल्या वेलींची वाइन दोन वेगवेगळ्या लेबलांखाली निघते, आणि त्यात गैर काही नाही. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हे शब्द 'सात'पेक्षा 'बारा'च्या जवळचे आहेत.

'शातो'साठी वाडा लागत नाही. बोर्दो या दुसऱ्या वाइन-प्रदेशात साधं शेतघर आणि शेड असलेली कितीतरी 'शातो' आहेत. मात्र हा शब्द फक्त एओसी, म्हणजे संरक्षित उगमनाव असलेल्या वाइनला मिळतो. 'दोमेन' त्याखालच्या आयजीपी, म्हणजे संरक्षित भौगोलिक संकेत असलेल्या दर्जालाही चालतो. नुसत्या 'व्हँ द फ्रांस'वर, म्हणजे ठरावीक प्रदेशाचं नाव नसलेल्या फ्रेंच वाइनवर, दोन्ही बाद. गंमत म्हणजे सहकारी वायनरीत तयार झालेली वाइनही 'शातो' असू शकते. रूसिलोंमधल्या काल्स गावच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 1994 साली ते मान्य केलं. अट एवढीच, की त्या बागेची द्राक्षं इतर सभासदांच्या द्राक्षांत मिसळता कामा नयेत.

'क्रू' (दर्जा मिळालेली बाग किंवा तिची वाइन) या शब्दाने मात्र भल्याभल्यांची फसगत होते. बोर्दोच्या 1855 च्या वर्गवारीत मान शातोला, म्हणजे त्या नावाला मिळाला. त्या शातोने पुढे त्याच एओसीतली शेजारची जमीन विकत घेतली, तर तिची द्राक्षंही त्या मानाच्या बाटलीत जाऊ शकतात. बरगंडीत 'ग्रां क्रू' हा सर्वोच्च दर्जा जमिनीचा. तिथे मालक बदलला तरी दर्जा जागेवरच राहतो. 'क्लो द वूजो' हे मठवासीयांनी भिंत घातलेलं सुमारे 50 हेक्टरांचं क्षेत्र आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या, पुढे वारसांत समान वाटण्या झाल्या, आणि आज तिथे 80 च्या आसपास मालक आहेत. त्यामुळे लेबलवर 'क्लो द वूजो' वाचून बाग कळते, उत्पादक कळत नाही. त्यासाठी खालचं नाव पाहायचं. संपूर्ण बाग एकाच मालकाकडे असेल तर 'मोनोपोल' लिहितात. रोमाने-कोंती ही जेमतेम 1.8 हेक्टरांची बाग त्याचं प्रसिद्ध उदाहरण. मालकी खरोखर सांगणारा शब्द हवा असेल तर तो हाच.

बरगंडीत 'दोमेन'च्या जोडीला 'मेझों' (शब्दशः 'घर', इथे पेढी) येतो. 'दोमेन लरुआ' आणि 'मेझों लरुआ' ही नावं एकाच घराण्याची वाटली तरी पहिल्या लेबलखाली स्वतःच्या बागांतली वाइन असते, दुसऱ्याखाली इतरांकडून घेतलेली. असा माल घेऊन विकणारा तो 'नेगोसियां'. त्याला नुसतं 'व्यापारी' म्हणणं अपुरं आहे, कारण अनेकदा वाइन मुरवण्याचं आणि मिश्रणाचं काम तोच करतो.

बाटली भरण्याचं वाक्य वेगळं वाचावं. 'मिज आं बुतेय ओ शातो' म्हणजे शातोतच भरलेली. त्यासाठी भाड्याने बोलावलेला बाटल्या भरण्याचा ट्रक अंगणात उभा केला तरी चालतं. 'आ ला प्रोप्रिएते' सहकारी वायनरीही लिहू शकते, म्हणून तिथे 'मालकाच्या घरी भरलेली' असं भाषांतर चुकेल. 'दां नो काव्ह', म्हणजे 'आमच्या तळघरात भरलेली', यातून तर बागेबद्दल काहीच कळत नाही.

मराठी मजकुरात मूळ शब्द तसेच ठेवून पहिल्या वेळी खुलासा द्यावा : 'दोमेन (स्वतः कसलेल्या बागांतल्या द्राक्षांपासून वाइन करणारा घटक)'. 'शातो' हा बहुतेक वेळा विशेषनामाचाच भाग असतो, त्यामुळे 'शातो मार्गो'चा 'मार्गो किल्ला' करू नये. दिंडोरीच्या 'शातो द'ओरी'सारख्या नावाला हा फ्रेंच अर्थ चिकटवू नये. वरचे नियम फ्रान्समध्ये तयार होणाऱ्या वाइनच्या लेबलांचे आहेत.