वाचकांचे प्रश्न : बाससाठी बेटकास्टिंग रीळ आणि रॉड

गेल्या अंकात आम्ही टेक्ससमधल्या लेक फोर्क या जलाशयावर आणि तिथल्या लार्जमाउथ बास माशावर लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे माशापेक्षा साधनांविषयीच होती, आणि त्यांतही बेटकास्टिंग रिळाबद्दलची तक्रार सर्वांत जास्त. म्हणून हे सदर या वेळी त्याच एका विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ प्लॅनो येथे राहतो. माझा चौदा वर्षांचा मुलगा तीन वर्षांपासून साध्या स्पिनिंग रिळाने तळ्यावर मासेमारी करतो. उन्हाळ्यात आम्ही लेक फोर्कला गेलो असता तिथल्या गाइडने त्याच्या हाती बेटकास्टिंग रीळ दिले आणि पहिल्या चार फेकींपैकी तीन वेळा दोरीचा असा गुंता झाला की शेवटी ती कापावी लागली. तरीही मुलाला आता तेच हवे आहे. वाढदिवसासाठी रीळ आणि रॉड मिळून अडीचशे डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. काय घ्यावे?

उत्तर : गुंता का होतो हे आधी समजले, तर खरेदीचा निम्मा प्रश्न आपोआप सुटेल. स्पिनिंग रिळात फेकीच्या वेळी स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेले चाक, स्थिर असतो आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. बेटकास्टिंग रिळात मात्र आमिष दोरीला ओढते आणि दोरी स्पूललाच गरगर फिरवते. संक्रांतीला ज्यांनी दुसऱ्याच्या पतंगाची फिरकी धरली आहे त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही : ढील घेणारा पतंग मध्येच थांबला आणि फिरकी वेळेवर आवरली नाही, तर मांजा सुटून तिच्याभोवती त्याचे जाळे होते. इथेही तसेच घडते. हवेतल्या आमिषाचा वेग कमी होत जातो, स्पूल मात्र सुरुवातीच्या वेगाने फिरत राहतो, आणि बाहेर जायला वाट न मिळालेली दोरी रिळातच फुगते. ते आवरायला तीन गोष्टी असतात : बाजूच्या झाकणाआडचा ब्रेक, हँडलच्या बाजूची स्पूल घट्ट करणारी छोटी चकती, आणि आपला अंगठा. पैसे पहिल्या दोन गोष्टींना पडतात. तिसरी फुकट आहे, पण तिलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

एवढा त्रास असताना लोक हे रीळ का वापरतात, असे आपल्या मनात आले असेल. लेक फोर्कचे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले तेव्हा पाण्याखाली जाणारी बरीचशी झाडे उभीच ठेवली गेली, आणि बास त्या बुडालेल्या लाकडांच्या आडोशाला राहतो. तिथे जाड दोरी लागते, गळ लागताच माशाला फांद्यांपासून दूर ओढण्याइतकी ताकद लागते आणि आमिष दोन खोडांच्या मधल्या हातभर जागेत टाकावे लागते. स्पूलवर अंगठा असल्याने आमिष हवे तिथे थांबवता येते. जाड दोरीच्या बाबतीत तर स्पिनिंग रीळ या रिळाची बरोबरी करू शकत नाही. याच जलाशयात 1992 मध्ये टेक्ससचा आजही अबाधित असलेला विक्रमी बास मिळाला. त्याचे वजन 18.18 पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो होते.

आता खरेदीविषयी. रॉड सात फुटांचा, ताकदीने मीडियम हेवी आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे फक्त वरच्या भागात वाकणारा असावा. एकच रॉड घ्यायचा असेल तर दुसरा विचारही करू नये. रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत आमिषाच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. ती पाव ते एक औंस किंवा तीन अष्टमांश ते एक औंस अशी असलेली पाहून घ्यावी. दुकानात रॉड हातात घेऊन हवेत हलवण्यापेक्षा ही ओळ वाचणे जास्त उपयोगाचे आहे, कारण बेटकास्टिंगमध्ये आमिष रॉडला पुरेसे वाकवू शकले नाही तर फेक जोर लावून करावी लागते, आणि जोराची फेक म्हणजे हमखास गुंता. आपल्या मुलाच्या तळ्यावरच्या आमिषांपैकी अर्ध्याहून अधिक या रॉडसाठी हलकी ठरतील. त्यांच्यासाठी जुने स्पिनिंग रीळ राहू द्यावे, ते टाकून देऊ नये.

रीळ शंभर ते सव्वाशे डॉलरच्या टप्प्यातले घ्यावे. शिमानोचे एसएलएक्स, दाइवाचे फुएगो यांसारखी रिळे या टप्प्यात येतात आणि ती नवशिक्यालाही वर्षानुवर्षे पुरतात. चाळीस डॉलरच्या रिळातही मासा येतो, पण त्यातला ब्रेक इतका ढोबळ असतो की चूक अंगठ्याची होती की यंत्राची, हे शिकणाऱ्याला कळत नाही. गिअरचे प्रमाण सातास एकच्या आसपास, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सुमारे सात फेरे, असावे. उरलेल्या पैशांतून बारा ते पंधरा पौंडांचा ताण सोसणारी मोनोफिलामेंट दोरी घ्यावी, जिला आपल्याकडे तंगूस म्हणतात. ती स्वस्त असते आणि पहिल्या महिन्यात बरीच कापून टाकावी लागणार आहे. महागडी फ्लोरोकार्बन दोरी पहिल्याच दिवशी भरणे हा उत्साहाचा अपव्यय आहे. मी स्वतः तो केलेला आहे.

सराव अंगणात करावा. अर्धा औंस वजनाचे गळ नसलेले प्लग, म्हणजे सरावाचे आमिष, मिळते, ते बांधावे. चकती इतकी घट्ट करावी की स्पूल मोकळा करणारी कळ दाबल्यावर प्लग सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक जवळजवळ पूर्ण लावून सुरुवात करावी आणि आठवडाभराने एकेक घर कमी करत जावे. नेहमीच्या फेकीला लागते तिच्यापेक्षा थोडी जास्त दोरी ओढून काढून उरलेल्या दोरीवर स्पूलमध्येच चिकटपट्टी लावली, तर गुंता त्या पट्टीच्या खाली जात नाही. गुंता झालाच तर दोरी ओरबाडू नये. स्पूलवर अंगठा घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवावे आणि मग दोरी हलकेच ओढावी. दहापैकी सात-आठ गुंते एवढ्यानेच सुटतात, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता एक सूचना : टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालील मुलांना मासेमारीचा परवाना लागत नाही, पण मुलाला शिकवताना आपणही गळ टाकणार असाल तर आपल्याला तो लागेल.

प्रश्न : माझ्याकडे चार वर्षांपूर्वी संच म्हणून घेतलेले बेटकास्टिंग रीळ आणि रॉड आहे. फेक आता जमते. ह्यूस्टनच्या आमच्या गटातील मंडळी दहा-बारा बेअरिंगची, आठास एक प्रमाणाची रिळे वापरतात आणि मलाही साधने बदलण्याचा आग्रह करतात. मी आधी रीळ बदलू की रॉड? आणि बेअरिंग जितकी जास्त तितके रीळ चांगले, हे खरे आहे का?

उत्तर : बेअरिंगचा प्रश्न आधी निकालात काढू. फेकीवर खरा परिणाम करणारी बेअरिंग दोनच, स्पूलच्या दोन टोकांची. बाकीची हँडलच्या मुठीत, गिअरच्या दांड्यावर आणि दोरी सारखी गुंडाळणाऱ्या सरकत्या भागात असतात. त्यांनी हँडल गुळगुळीत फिरते, फेक मात्र लांबत नाही. खोक्यावरचा आकडा दुकानदाराच्या सोयीचा आहे. आपले चार वर्षांचे रीळ पूर्वीसारखे फेकत नसेल तर नवे घेण्याआधी ते उघडून ती दोन बेअरिंग स्वच्छ करावीत, वाळवावीत आणि प्रत्येकात हलक्या तेलाचा एकच थेंब सोडावा. दोन थेंब सोडले तर फेक उलट आखूड होते. गिअरना तेल नव्हे, ग्रीस लावावे. अनेकांचे ‘अपग्रेड’ इथेच, काही डॉलरांत, पूर्ण होते.

गिअरचे प्रमाण म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे किती फेरे होतात ते. यात चांगले-वाईट काही नसते, काम वेगळे असते. दोरी भरलेल्या स्पूलचा व्यास 34 मिलिमीटर धरला, तर त्याच्या एका फेऱ्यात सुमारे 107 मिलिमीटर दोरी येते. म्हणजे 5.4 प्रमाणाचे रीळ हँडलच्या एका फेऱ्यात साधारण 58 सेंटिमीटर दोरी ओढते, 7.1 प्रमाणाचे 76 आणि 8.1 प्रमाणाचे 87. प्लास्टिकचा किडा किंवा जिग (वजनदार डोक्याचे गळाचे आमिष) तळावर सरकवताना आमिष रॉडने हलवायचे असते आणि हँडल केवळ सैल दोरी गोळा करते. मासा लागताच ती सैल दोरी झटकन भरून घ्यावी लागते, म्हणून तिथे आठाचे प्रमाण उपयोगी पडते. उलट खोल जाणारा क्रँकबेट (ओढताच पाण्यात खाली बुडणारे, माशाच्या आकाराचे टणक आमिष) पाण्याला जोरदार अटकाव करतो आणि तो सावकाश, एकसारखा ओढावा लागतो. आठाच्या रिळाने तो ओढणे म्हणजे चढावर सायकल वरच्या गिअरमध्ये चालवणे आहे. दुपारपर्यंत मनगट बोलू लागते. शिवाय वेगवान रिळाने आपण नकळत घाई करतो. आपल्या गटातील मंडळी बहुधा जिग वापरत असतील. आपण काय वापरता ते पत्रात नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आमिष तळावर सरकवून मासेमारी करत असाल, तर निःसंशय रॉड आधी बदला. तिथे बासचा चावा म्हणजे ओढ नसते. दोरीत एखादी टिचकी जाणवते किंवा आमिष अचानक वजनहीन झाल्यासारखे वाटते. ती जाणीव दोरीतून आणि रॉडच्या ग्रॅफाइटमधून हातापर्यंत येते, रिळाचा तिच्याशी फारसा संबंध नाही. संचाबरोबर येणारे रॉड सहसा जड आणि बधिर असतात. दीडशे डॉलरच्या आसपासचा, हलका, मीडियम हेवी किंवा हेवी ताकदीचा फास्ट रॉड घेऊन त्यावर जुनेच रीळ चढवा आणि दोरी फ्लोरोकार्बनची भरा. ती पाण्यात बुडते आणि स्पर्श चांगला पोहोचवते. या बदलानंतर, पूर्वी कळतही नव्हते इतके चावे आपल्याला येत होते, हे लक्षात येईल.

क्रँकबेट हे मुख्य आमिष असेल तर हिशेब उलटतो. तिथे फार संवेदनशील, ताठ रॉड नुकसानच करतो : मासा आमिषावर तोंड मारतो त्याच क्षणी आपण झटका देतो आणि तिहेरी गळ तोंडातून निसटतो. त्यासाठी मधोमध वाकणारा, मॉडरेट ॲक्शनचा, काचतंतू मिसळलेला रॉड हवा. तो महाग असण्याची गरज नाही. इथे पैसे पाच-साडेपाच प्रमाणाच्या, चांगल्या ब्रेकच्या रिळावर खर्च करावेत.

जुन्या साधनाने नेमका कोणता मासा, कोणत्या कारणाने हुकला हे ज्या दिवशी एका वाक्यात सांगता येईल, त्या दिवशी दुकानात जावे. तोपर्यंत गटाच्या आग्रहाला चहा पाजून परत पाठवावे.

प्रश्न : मी उजव्या हाताने सर्व कामे करतो. रीळ डाव्या हँडलचे घ्यावे की उजव्या?

उत्तर : स्पिनिंग रिळाचे हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. बेटकास्टिंग रिळाचे तसे करता येत नाही, म्हणून हा निर्णय खरेदीपूर्वीच घ्यावा. अमेरिकेत पूर्वी बहुतेक रिळे उजव्या हँडलची मिळत, त्यामुळे उजवे लोक उजव्या हाताने फेकून रॉड डाव्या हातात घेत आणि उजव्याने गुंडाळत. कित्येक जुने जाणकार आजही तसेच करतात. आपण स्पिनिंग रीळ डाव्या हाताने फिरवत असाल तर डाव्या हँडलचेच घ्या. हात बदलण्याच्या त्या एका क्षणात आमिष खाली जात असते, आणि पुष्कळ वेळा बास ते नेमके तेव्हाच उचलतो.

प्रश्न : डिजिटल नियंत्रणाचे रीळ घेतल्यास गुंता होत नाही असे ऐकले. दोनशे डॉलर त्यासाठी द्यावेत का?

उत्तर : शिमानोच्या डीसी रिळांमध्ये एक लहान इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्पूलचा वेग मोजून ब्रेक कमी-जास्त करते. त्यासाठी लागणारी वीज स्पूलच्या फिरण्यातूनच तयार होते, बॅटरी लागत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध फेकताना त्याचा खरोखर उपयोग होतो. गुंता मात्र कमी होतो, संपत नाही; आमिष झाडावर आपटले तर स्पूल कोणाचेच ऐकत नाही. ज्याला महिन्यातून एकदाच पाण्यावर जाता येते त्याने अवश्य घ्यावे. ज्याला शिकायला वेळ आहे त्याने तेच पैसे दुसऱ्या रॉडवर घालवावेत.

प्रश्न : मी पेण तालुक्यात राहतो. भाऊ टेक्ससहून त्याचे जुने बास रीळ आणि सात फुटी रॉड पाठवणार आहे. खाडीत जिताड्यासाठी ते चालेल का? इंग्रजीत जिताड्यालाही बासच म्हणतात ना?

उत्तर : नाव एक असले तरी कुळे वेगळी आहेत. अमेरिकेतला लार्जमाउथ बास सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला मासा आहे. आपला जिताडा समुद्र, खाडी आणि गोडे पाणी यांच्यात ये-जा करणारा, आकाराने पुष्कळच मोठा होणारा. तरीही दोघांची शिकारीची रीत सारखी आहे. खांब, मुळे, उघडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी दबा धरून बसायचे आणि आमिष जवळून गेले की तोंड उघडून गिळायचे. त्यामुळे मीडियम हेवी रॉड आणि ते रीळ खाडीत नक्की चालेल. दोरी मात्र बदलावी. तीस-चाळीस पौंडांची विणलेली दोरी घ्यावी. ती गुळगुळीत स्पूलवर घसरते, म्हणून तिच्याखाली आधी थोडे तंगूस गुंडाळावे. जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडा धारदार असतात, त्या विणलेली दोरी क्षणात कापतात. त्यामुळे पुढे हातभर तरी चाळीस ते साठ पौंडांचा जाड तंगूस लीडर म्हणून बांधावा.

खरी अडचण खाऱ्या पाण्याची आहे. बाससाठीच्या सगळ्याच रिळांची बेअरिंग खारेपणा सोसणारी नसतात. खाडीवरून परत आल्यावर त्याच संध्याकाळी, ड्रॅगचा (मासा ओढेल तेव्हा दोरी किती ताणाला सुटावी हे ठरवणाऱ्या भागाचा) तारा घट्ट करून, रीळ गोड्या पाण्याने वरवर धुवावे. नळाची जोराची धार सोडू नये, ती मीठ आत ढकलते. मग फडक्याने पुसून, ड्रॅग पूर्ण सैल करून, सावलीत वाळवावे, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर स्पूलची बेअरिंग तेलवावीत. रॉडच्या कड्याही धुवाव्यात. आणि भावाला आत्ताच विचारा : रॉड एकसंध आहे की दोन तुकड्यांचा? सात फुटांचा एकसंध रॉड विमानाने आणायचा, तर त्याला रॉडपेक्षा तो ठेवायच्या नळकांड्याची काळजी जास्त घ्यावी लागेल.