सिंगापूरचा सी बास म्हणजे आपला जिताडाच का?

प्रश्न : मुलगा सिंगापूरला असतो, गेल्या महिन्यात मी तिकडे जाऊन आले. पुलाऊ उबीन बेटावर बोटीने जाताना समुद्रातच तराफे आणि जाळ्या दिसल्या, त्यात मासे पाळतात म्हणे, आणि दोऱ्यांवर शिनाणे, म्हणजे हिरवे शिंपलेपण. तिथला सी बास खाल्ला तर अगदी जिताड्याची चव! तोच का हा? आणि भर समुद्रातले मासे एका रात्रीत कसे काय मरतात? मुलगा सांगत होता.
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : ताई, जिभेने बरोबर ओळखलं, तोच तो! सी बास म्हणा, बारामुंडी म्हणा, मासा एकच. आपल्याकडे पेण-अलिबागच्या खारेपाटात तो तळ्यात वाढवतात, तिथे जमिनीचीच बोंब, ९० टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं, मग जाळीचे पिंजरे समुद्रातच टांगायचे. पिल्लांसाठी तिथल्या सेंट जॉन्स बेटावर २००३ पासून सरकारी सेंटर आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणून अंड्यांसाठी मोठे मासे वर्षानुवर्षं जपावे लागतात, सोपं काम नाही ते.

आता मरण्याचं. यातले बहुतेक पिंजरे जोहोरच्या सामुद्रधुनीत आहेत, मलेशिया आणि सिंगापूरच्या मधली चिंचोळी पट्टी, आणि १९२४ साली तिथे कॉजवे, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेला रस्ता, सुरू झाला तेव्हापासून पाणी आरपार वाहतच नाही. त्यात कडक ऊन, भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नाही, आणि पाण्यात सांडपाण्याचं खत, की सूक्ष्म शेवाळ भराभरा वाढतं. ते रात्री ऑक्सिजन ओढून घेतं, काही जातींचं विष माशांचे कल्ले जाळतं. मोकळा जिताडा असता तर पळून गेला असता हो, पिंजऱ्यातला कुठे जाणार? २०१५ ला असे ५०० टनांहून जास्त मासे गेले, कित्येकांची वर्षांची मेहनत. म्हणून आता काही जण बंद टाक्यांच्या तरंगत्या फार्मकडे वळलेत, पाणी गाळून आत घेतात, पण खर्च फार.

शिनाण्यांना मात्र खाद्य घालावं लागत नाही, दोरीवर आपोआप चिकटतात आणि पाणी गाळून पोट भरतात, मला तर हीच शेती जास्त शहाणपणाची वाटते. फक्त गाळताना पाण्यातली घाण आणि जंतूही त्यांच्यात साठतात, तेव्हा पुढच्या वेळी गेलात की नीट शिजवूनच खा, अर्धेकच्चे अजिबात नको.