हातचं सोडू का, मॅडम?

मी समुपदेशक. गेल्या वर्षभरात हा प्रश्न माझ्याकडे चार वेगवेगळ्या घरांतून आला. वास्कोतल्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा करार हातात घेऊन एक काकू आल्या. पेडण्यातली जमीन आत्ता विकावी की थांबावं, या घोळात अडकलेले दोघे भाऊ आले. बँकेतली स्वेच्छानिवृत्ती घ्यावी की नाही म्हणून एक गृहस्थ तीन महिने माझ्याकडे येत होते. चौथा आला तो पायलट. सगळ्यांचं वाक्य जवळपास तेच होतं: “समोर आलंय ते घेऊ, की आणखी चांगल्याची वाट बघू?” पायलटची गोष्ट सांगते, कारण उत्तर त्यानंच शोधलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला आपण कॅप्टन म्हणू.)

कॅप्टन ४६ वर्षांचा. घर फोंड्याजवळ, नोकरी अमेरिकेतल्या एका विमान कंपनीत. तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता आणि त्यातच पायलट युनियनचं मतदान सुरू झालं होतं. कंपनी आणि युनियनची वाटाघाटी करणारी समिती यांच्यात तात्पुरता करार ठरला होता. तो मान्य करायचा की फेटाळायचा, हे सभासदांनी ऑनलाइन मत देऊन ठरवायचं. कराराची शेकडो पानं त्यानं वाचली होती. पगारवाढ, पेन्शन, आजारपणाची रजा, रिझर्व्ह ड्युटीचे नियम, सगळं पाठ. तरीही पहाटे तीनला उठून तो व्हॉट्सॲपचे ग्रुप चाळत बसायचा. शेवटी बायकोनं तिकडून फोनवर सांगितलं, कुणाशी तरी बोल, माझ्याशी नको.

पहिल्या भेटीत त्यानं मला करारच समजावून सांगितला. मी मध्ये बोलले नाही. माणूस माहिती देतो तेव्हा बहुधा काहीतरी लपवत असतो, हे बावीस वर्षांत मला कळलंय. पण त्या माहितीतून मला एक गोष्ट समजली, ती तुम्हालाही कळायला हवी. अमेरिकेत विमान कंपन्यांचे हे करारही १९२६ च्या रेल्वे लेबर ॲक्टखाली येतात. करार संपला म्हणून लगेच संप करता येत नाही. नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. सरकारी मध्यस्थी मंडळानं दोन्ही बाजूंना वाटाघाटीतून मोकळं केलं आणि त्यानंतरचे ३० दिवस उलटले, की मगच संपाचा विचार. म्हणजे ‘नाही’ म्हटलं तर उद्या काही बिघडत नाही, पण उद्या काही मिळतही नाही. वाट बघणं किती लांबेल, हे कुणालाच माहीत नसतं.

“मग अडचण कुठे आहे?” मी विचारलं.

“मागच्या वेळी मी हो म्हणालो होतो. सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीतल्या पायलटांनी आमच्यापेक्षा कितीतरी चांगला करार मिळवला. तेव्हापासून वाटतंय, मी मूर्ख ठरलो.”

‘ठरलो’ हा शब्द मी वहीत लिहून ठेवला. मूर्ख होतो, असं तो म्हणाला नव्हता. ठरवणारं कुणीतरी बाहेर उभं होतं आणि तो त्याच्यासमोर उभा होता.

ग्रुपवर त्याचं वर्णन आधीच तयार होतं. हो म्हणणारे ‘विकले गेलेले’, नाही म्हणणारे ‘हावरट’. दोन्ही बाजूंना पुरावेही होते. २०२२ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या पायलटांनी पहिला मसुदा ९४ टक्के मतांनी फेटाळला, आणि ११ महिन्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत वाढ देणारा करार मान्य केला. बघा, नाही म्हटलं म्हणून मिळालं! पण जुलै २०२३ मध्ये फेडेक्स या मालवाहू कंपनीच्या पायलटांनीही ५७ टक्के मतांनी ‘नाही’ म्हटलं, आणि दोन वर्षं उलटली तरी नवा करार त्यांच्या हाती नव्हता. तेच मत, वर्षभराच्या आतलाच काळ, आणि निकाल दोन टोकांना.

“यातला कुठला पायलट हुशार?” मी विचारलं. तो गप्प. मी तो प्रश्न तिथेच सोडला. समुपदेशकानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच तासात वसूल करू नये, असं माझं मत आहे. फी मात्र करावी.

दुसऱ्या भेटीला तो वडिलांची गोष्ट घेऊन आला. त्याचे बाबा मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले, जुने युनियनवाले. त्यांना त्यानं विचारलं होतं, काय करू? ते पेज संपवत म्हणाले, “आमी हात वयर करताले, सगळे पळयताले. तुका कोण पळयता?” (आम्ही हात वर करायचो, सगळे बघायचे. तुला कोण बघतंय?)

कॅप्टनला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. मला वाटलं, माझं काम निम्मं झालं. गुप्त मतदानात तो हात वर करून उभा होता. खरा प्रश्न कराराचा नव्हताच. उद्या लोक काय म्हणतील आणि पाच वर्षांनी मीच मला काय म्हणेन, या दोन प्रेक्षकांसाठी त्याचं मत तयार होत होतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं असंच असतं. आपण निर्णय घेतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण पश्चात्तापाविरुद्ध विमा शोधत असतो. असा विमा कुणी विकत नाही. ‘निर्णय बरोबरच ठरला पाहिजे’ यातला तो ‘च’ काढा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. माझ्याकडे येऊन गेलेले लोक बाजारात भेटले की हसून “च काढला हो” म्हणतात, त्याचा मला बरा वाटणारा अभिमान आहे.

पण कॅप्टनचा ‘च’ नुसत्या सांगण्यानं निघेना. बाहेर जूनचा पाऊस होता. तिस्कावरच्या बसचे हॉर्न सोडले तर काही ऐकू येत नव्हतं. मला विमानातलं काही कळत नाही. सहज म्हणून विचारलं, “अशा पावसात उतरताना, उतरायचं की नाही, हे तुम्ही कधी ठरवता?”

तो ताठ बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज विमानातल्या घोषणेसारखा संथ झाला. “नेहमीच्या इन्स्ट्रुमेंट लँडिंगमध्ये मिनिमम्स, म्हणजे निर्णयाची उंची, २०० फूट. तिथे धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर गो-अराउंड, परत वर. विचार करत बसायचं नसतं.”

“दोनशे फुटांवर ठरवता?”

“नाही नाही. तो आकडा खाली यायला लागण्यापूर्वीच ठरलेला असतो. ब्रीफिंगमध्ये दोघं मोठ्यानं बोलतो. खाली आलं की बुद्धी चालत नाही, धावपट्टी दिसावी असं वाटत असतं, म्हणून ती दिसतेय असंही वाटतं.” मग टेबलावर बोटानं एक आडवी रेघ ओढून तो थांबला. बोट तिथेच राहिलं. “मॅडम, मी ब्रीफिंग न करताच खाली आलोय.”

अशा क्षणी मी पाणी पुढे करते. बोलले तर क्षण माझा होतो.

पाणी पिऊन त्यानं स्वतःच पुढचं सांगितलं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात मोलाचं होतं. “आणखी एक. गो-अराउंड करायचा तर टाकीत इंधन पाहिजे. पर्यायी विमानतळापर्यंत जाता येईल इतकं. ते नसेल तर गो-अराउंडची भाषाच करायची नाही.”

पुढचा अर्धा तास आम्ही इंधन मोजलं. प्रस्तावामुळे महिन्याला समजा तीन हजार डॉलर जास्त मिळणार. फेटाळला आणि दीड वर्ष गेलं, तर ५४ हजार गेले. पुढचा करार महिन्याला आणखी एक हजारानं चांगला आला आणि मागची थकबाकी मिळाली नाही, तर ते भरून यायला ५४ महिने, म्हणजे साडेचार वर्षं लागतील. त्याला निवृत्तीला एकोणीस वर्षं होती, कर्ज फिटत आलं होतं. त्याला परवडत होतं. साठीतल्या कॅप्टनला हाच हिशेब वेगळा पडेल, कारण तिथे ६५ ला विमानातून उतरावंच लागतं. पैशांखेरीजचंही होतं. रिझर्व्हवर म्हणजे बोलावणं येईल तेव्हा हजर व्हायच्या ड्युटीवर आता तो क्वचितच असतो, कारण त्याचा सीनियॉरिटी नंबर वर सरकलाय. पण नव्या फर्स्ट ऑफिसरांचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. त्यांच्यासाठी आपण थोडी कळ सोसायला तयार आहोत का? यावर तो बराच वेळ अडला. मी अडू दिलं.

मग एका कागदावर त्यानं चार ओळी लिहिल्या. यापेक्षा कमी असेल तर नाही. यापेक्षा कमी नसेल, तर शेजारच्या कंपनीला पुढे कितीही मिळो, हो. मी कागद वाचला नाही. तारीख घालायला आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप न उघडता करार पुन्हा एकदा त्या ओळींशी ताडून बघायला सांगितलं.

तुम्ही स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांपुढे बसला असाल, किंवा बिल्डरच्या, तर एवढंच करा. तुमचा आकडा इतरांचे आकडे ऐकण्याआधी लिहा. त्यात पैशांत न बसणारं एक तरी वाक्य असू द्या. ‘नाही’ म्हणणार असाल तर किती महिने थांबता येईल, ते घरच्यांसमोर मोठ्यानं बोला. थांबण्याचे हप्ते तेही भरणार असतात. आणि कागदावर तारीख घाला, कारण वर्षभरानं स्वतःवर चिडाल तेव्हा त्या दिवशी काय माहीत होतं हे तुम्हाला मुळीच आठवणार नाही. निकाल कळल्यावर मागे वळून सगळेच शहाणे होतात. त्या वास्कोच्या काकूंनी कागद देव्हाऱ्यात ठेवला होता. तेही चालेल.

स्वेच्छानिवृत्तीवाल्या गृहस्थांना मात्र हे सगळं सांगून उपयोग झाला नाही, हेही कबूल करते. त्यांचा प्रश्न कागदाचा नव्हता, रोज बँकेत जाण्याची सवय सोडण्याचा होता. ते दुखणं वेगळं.

कॅप्टन परत गेला. त्यानं कुठल्या बाजूला मत दिलं, मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. महिन्याभरानं मेसेज आला: “निकाल माझ्या मताच्या उलट लागला. कागद काढून वाचला. रात्री झोप लागली, पण ती तुमच्यामुळे की जेट लॅगमुळे, सांगता येणार नाही.”